हालचाल, नोंद आणि विवेक : मंदिरातील कॅमेऱ्यांच्या पहाऱ्याविषयी

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चांदवड हे पहाऱ्याचे गाव आहे. सातमाळ्याच्या रांगेतील चांदवडचा किल्ला खानदेशातून येणाऱ्या घाटवाटेवर नजर ठेवून शतकानुशतके उभा आहे. अशा किल्ल्यावरील पहारेकऱ्याला दिवसभरात काय काय हलताना दिसत असेल? चरणारी गुरे, व्यापाऱ्यांचे तांडे, वाऱ्याने डोलणारी झाडे, ढगांच्या पळत्या सावल्या. यांपैकी प्रत्येक हालचालीला त्याने शिंग फुंकले असते, तर तिसऱ्या दिवशी किल्ल्यावरचे कोणीही त्या शिंगाकडे लक्ष दिले नसते. आणि एकदाही फुंकले नसते, तर त्या पहाऱ्याला अर्थ राहिला नसता. उत्तम पहारेकरी सर्व काही पाहतो आणि त्यातून दखल घेण्याजोगे तेवढेच निवडतो. पाहणे ही डोळ्यांची शक्ती आहे, निवडणे ही विवेकाची.

आज गावोगावच्या मंदिरांत, पेढ्यांत, धर्मशाळांत आणि भोजनशाळांत कॅमेरे बसले आहेत. पेढीतील पडद्यावर आठ-दहा चौकटी अहोरात्र उजळलेल्या असतात आणि त्या पाहून मनाला निश्चिंतता वाटते. ती निश्चिंतता कसोटीच्या वेळी टिकतेच असे नाही. एखादा प्रसंग घडतो, रेकॉर्डर उघडला जातो, आणि आढळते की हवा तो दिवस पुसला गेला आहे. किंवा घड्याळ चाळीस मिनिटे पुढे आहे. किंवा दरवाजा उघडा दिसतो, पण उघडणारा दिसत नाही. हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. यंत्राला काय पाहायचे, किती जपायचे आणि कोणाला दाखवायचे हे कोणी सांगितलेलेच नसते. कॅमेरा पाहतो, दखल कशाची घ्यायची हे माणसानेच ठरवायचे असते. व्याख्यानाचा विषय हाच आहे.

अल्पसा पूर्वेतिहास

घराच्या सुरक्षिततेसाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना एका परिचारिकेची आहे. न्यूयॉर्क येथे राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांनी दारावर आलेली व्यक्ती घरातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहता येईल अशी रचना केली. त्यासाठी १९६६ साली अर्ज केला आणि १९६९ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने संगणकाच्या जाळ्याला थेट जोडता येणारा पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आणला. त्याची गती इतकी मंद होती की सेकंदाला एक लहानसे चित्र मिळे. मात्र चित्र आता अंकांच्या रूपात संगणकापर्यंत पोहोचत होते, आणि अंकांचे गणित करता येते. हालचाल ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा मार्ग तेथून मोकळा झाला.

ब्रिटनमधील फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधून अवजारांची चोरी झाली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी लिहिलेले 'झोनमाइंडर' हे सॉफ्टवेअर २००२ साली सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. 'मोशन' आणि अलीकडचे 'फ्रिगेट' हीदेखील याच परंपरेतील मुक्त सॉफ्टवेअर आहेत. निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी 'ऑनव्हिफ' ही संघटना स्थापून समान मानक घडवले. कॅमेरा घेताना तो ऑनव्हिफ मानकाचा आहे की नाही, एवढे विचारले तरी पुढे एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहण्याची वेळ टळते.

हालचाल म्हणजे दोन चित्रांतील फरक

कॅमेऱ्याला चोर कळत नाही, भक्त कळत नाही; त्याला केवळ उजेड कळतो. दोन मेगापिक्सेलचा सर्वसामान्य कॅमेरा एका चित्रात रुंदीला १,९२० आणि उंचीला १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू टिपतो. प्रत्येक बिंदूच्या उजेडाला ० ते २५५ यांमधील एक अंक मिळतो. सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. सॉफ्टवेअर नव्या चित्राची तुलना आधीच्या चित्राशी करते. ज्या बिंदूंचा अंक ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक बदलला ते मोजते, आणि अशा बिंदूंची संख्या पुरेशी मोठी असली तर 'हालचाल झाली' असा निष्कर्ष काढते. मूळ तत्त्व एवढेच, वजाबाकीचे.

केवळ लगतच्या दोन चित्रांची तुलना पुरत नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्या जागेची एक 'पार्श्वभूमी' मनात धरते आणि ती हळूहळू अद्ययावत करत राहते. सकाळी रंगमंडपात नवा पाट मांडला, तर काही वेळ तो 'बदल' असतो. नंतर तो पार्श्वभूमीत विरून जातो. १९९९ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी या पद्धतीला महत्त्वाची जोड दिली. एकाच बिंदूची एकाहून अधिक 'नित्य' रूपे असू शकतात, हे त्यांनी गणितात बसवले. कडुनिंबाची फांदी डोलते तेव्हा त्याच बिंदूत कधी पान दिसते, कधी आकाश; दोन्ही नेहमीचीच. दोन्हींहून वेगळे असे काही आले, तरच ती दखल घेण्याजोगी हालचाल.

एवढे करूनही मंदिरासारखी जागा या सॉफ्टवेअरची परीक्षा पाहते. अखंड दीपाची ज्योत थरथरते आणि तिच्याबरोबर सबंध भिंतीचा उजेड बदलतो. शिखरावरची ध्वजा फडकते, चबुतऱ्यावरची कबुतरे एकदम उडतात, पंख्याच्या वाऱ्याने तोरण हलते. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या भिंतींवरून रात्री वाहनांच्या दिव्यांचे झोत सरकत जातात. सॉफ्टवेअर जसेच्या तसे सुरू केले, तर एका रात्रीत शेकडो सूचना भ्रमणध्वनीवर येऊन पडतात. आठवडाभरात कंटाळलेला कार्यकर्ता सूचनेचा आवाज बंद करतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. तिच्यातील गावकऱ्यांप्रमाणे येथेही खरी हाक आली तर ऐकणारा कोणी उरत नाही.

यावर चार उपाय आहेत आणि चारही विनाखर्चाचे आहेत. पहिला, क्षेत्र आखणे. चित्रातील ज्योत, ध्वजा, रस्ता हे भाग सॉफ्टवेअरमध्ये झाकून ठेवावेत आणि दरवाजा, भंडार, गभाऱ्याचा उंबरा एवढ्याच भागांवर लक्ष ठेवावे. दुसरा, आकाराची मर्यादा. उंदीर वा कबुतर जेवढे बिंदू व्यापते त्याहून मोठ्या बदलाचीच दखल घ्यावी. तिसरा, कालमर्यादा. क्षणभर चमकून गेलेला झोत सोडून द्यावा, एक-दोन सेकंद टिकलेला बदल धरावा. चौथा, वेळापत्रक. पूजेच्या वेळी रंगमंडपातील हालचाल स्वाभाविक असते. मंगल झाल्यानंतर बंद गभाऱ्यातील लहानशी हालचालही स्वाभाविक नसते. म्हणून एकाच कॅमेऱ्याची संवेदनशीलता दिवसा कमी आणि रात्री अधिक असावी.

अलीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये पाचवी पायरी आली आहे. आधी वजाबाकीने हालचाल हेरायची आणि मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तेवढाच भाग तपासून तो माणूस आहे, वाहन आहे की प्राणी, हे ओळखायचे. फ्रिगेट याच क्रमाने काम करते. यामुळे खोट्या सूचना पुष्कळ घटतात. तरीही अंगावर घोंगडे घेऊन वाकून चालणारा माणूस यंत्राला माणूस वाटेलच असे नाही. म्हणून व्यवस्था उभी केल्यावर रात्री दिवे मालवून, कार्यकर्त्यांनी स्वतः दरवाजापासून भंडारापर्यंत सरळ, वाकून, भिंतीच्या कडेने असे चालून पाहावे आणि नोंद झाली की नाही हे पडताळावे. ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतली तरी पुरेशी आहे.

आणखी एक बारकावा आहे. हालचाल कळल्यानंतरच नोंद सुरू झाली, तर हालचालीचा आरंभ निसटतो आणि दरवाजा उघडणारा दिसत नाही. यासाठी चांगले सॉफ्टवेअर शेवटचे काही सेकंद सदैव स्मृतीत धरून ठेवते आणि हालचाल जाणवताच तेही नोंदीला जोडते. पाच ते दहा सेकंदांची ही 'पूर्वनोंद' सुरू आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

वेळेवर मिळालेली सूचना

२४ मार्च २०१२ च्या पहाटे रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथील सुवर्णगणेश मंदिरावर दरोडा पडला. १९९७ साली जमिनीत सापडलेला सोन्याचा मुखवटा लुटला गेला आणि दोन पहारेकऱ्यांना प्राण गमवावे लागले. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. सोने परत आले. गेलेले दोन जीव परत आले नाहीत. देवस्थानाच्या सुरक्षेचा विचार करताना मौल्यवान वस्तूंच्या आधी राखणदाराचा विचार करावा, हे या घटनेने महाराष्ट्राला शिकवले.

घटना घडून गेल्यावर पाहायची नोंद राखणदाराला वाचवू शकत नाही. वेळेवर आलेली सूचना कदाचित वाचवू शकते. म्हणून रात्रीच्या सूचना एकट्या पहारेकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर न जाता निदान तीन जबाबदार व्यक्तींकडे जाव्यात. सूचना येताच एकट्याने आत न शिरता प्रथम पोलिसांना आणि शेजाऱ्यांना कळवावे, असा लेखी नियम असावा. कॅमेरा हा पहारेकऱ्याचा पर्याय नव्हे. तो पहारेकऱ्याचा सोबती आहे. रेकॉर्डर मात्र दर्शनी जागेत नसावा. चोरी करून जाताना रेकॉर्डरही उचलून नेण्याची युक्ती चोरांना चांगली अवगत असते. तो कुलूपबंद कपाटात ठेवावा, त्याला वीज खंडित झाली तरी चालणारी बॅटरीची जोड द्यावी आणि महत्त्वाच्या कॅमेऱ्यांची दुसरी प्रत अन्य जागी साठवावी.

साठवणुकीचे गणित

नोंद किती दिवस राहते, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताने विचारावा. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला चार मेगाबिट या गतीने साठवले, तर तासाला सुमारे १.८ जीबी आणि दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ३४५ जीबी. म्हणजे चार टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि बाराव्या दिवशी पहिला दिवस पुसला जाऊ लागतो. पर्युषणात बसवलेली व्यवस्था महिनाभर जपेल, असे गृहीत धरणाऱ्यांना हे गणित ठाऊक नसते.

आता केवळ हालचालीच्या वेळी नोंद करायची ठरवली आणि चोवीस तासांपैकी सरासरी चार तास हालचाल असली, तर त्याच डिस्कवर सुमारे एकोणसत्तर दिवसांची नोंद मावते. एच. २६४ ऐवजी २०१३ पासून उपलब्ध झालेली एच. २६५ ही संक्षेपाची पद्धत वापरली, तर जागा आणखी वाचते. परंतु हालचाल ओळखण्यात सॉफ्टवेअर चुकले, तर तो क्षण कायमचा गेला, हा धोकाही लक्षात ठेवावा. मध्यम मार्ग असा की गभारा आणि भंडार यांची नोंद अखंड ठेवावी. आवार, वाहनतळ आणि मार्गिका यांची नोंद हालचालीपुरती करावी.

किती दिवस जपावे याचे उत्तर हेतूवर अवलंबून आहे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवून त्यांची नोंद अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. कोठडीत छळ झालेल्या माणसाची तक्रार उशिरा पुढे येते, हे त्यामागील वास्तव आहे. मंदिरातील चोरी बहुधा दुसऱ्या दिवशीच लक्षात येते. तेथे तीस ते पंचेचाळीस दिवस पुरतात. एक अपवाद मात्र आवर्जून करावा. भंडार उघडून मोजणी होते त्या दिवसाची नोंद स्वतंत्र डिस्कवर काढून, त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत जपावी.

ही नोंद कोणावर अविश्वास म्हणून नव्हे. देवद्रव्य मोजणारे हात समाजाचे सर्वांत विश्वासू हात असतात, आणि अफवा प्रथम त्यांनाच डागाळते. पुजारी, मुनीम, राखणदार यांच्यासारख्या अल्प वेतनावर सेवा करणाऱ्या माणसांवर संशय घेणे सर्वांत सोपे असते. तो खोटा ठरवणे त्यांना सर्वांत अवघड जाते. अशा वेळी मूक नोंद त्यांची साक्षीदार होते. चोर पकडण्याइतकेच निर्दोष माणसाला वाचवणे हेही या यंत्राचे कार्य आहे.

जालन्याचा धडा

नोंद असूनही ती न्यायालयात टिकेल काय? या प्रश्नावर देशभर मार्गदर्शक ठरलेला निर्णय महाराष्ट्रातील एका प्रकरणातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल आणि एक मतदार यांनी निवडणुकीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज दुपारी ३ वाजण्याच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा त्यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या आत आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते. वाद होता तो घड्याळाच्या काट्यांचा. त्या चित्रणाच्या सीडी न्यायालयासमोर आल्या, पण सोबत कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र नव्हते, आणि वारंवार मागूनही ते संबंधित अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अपील फेटाळताना तत्त्व स्पष्ट केले. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून सादर करायची, तर त्यासोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर ते लागत नाही. तसेच सर्व प्रयत्न करूनही ज्याला ते मिळवणे अशक्य होते, त्याला न्यायालय सवलत देऊ शकते. त्या वेळी हा नियम भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि आता तो त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचे 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे त्या फाईलची अंकमुद्रा. फाईलमधील एक बिंदू बदलला तरी ही मुद्रा बदलते.

जालन्याच्या प्रकरणातून धर्मादाय संस्थेने चार गोष्टी घ्याव्यात. पहिली, घड्याळ. रेकॉर्डर इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी जोडावा. ते शक्य नसेल तर दर आठवड्याला वेळ पडताळून वहीत नोंद करावी. घटना घडून गेल्यावर चुकीचे घड्याळ घाईने दुरुस्त करू नये. किती मिनिटांचा फरक आहे ते पंचांसमक्ष लिहून ठेवावे. दुसरी, प्रत. पडद्यावरील दृश्याचे भ्रमणध्वनीने चित्रण करून ते व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणजे पुरावा जपणे नव्हे. तेथे चित्र दाबले जाते, मूळ वेळ आणि मूळ फाईल दोन्ही हरवतात. रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपातील फाईल काढावी आणि त्याच वेळी तिचे हॅश मूल्य लिहून ठेवावे. तिसरी, तत्परता. घटना कळताच त्या दिवसाची नोंद कुलूपबंद करावी, अन्यथा डिस्क फिरत फिरत तिलाच पुसून टाकते. चौथी, जबाबदार व्यक्ती. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, याचा ठराव विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात असावा, म्हणजे प्रमाणपत्रावर कोणी सही करायची हा प्रश्न ऐनवेळी उभा राहत नाही.

रात्रीचा प्रकाश आणि जयणा

रात्रीच्या चित्रणाशी अहिंसेचा थेट संबंध येतो, आणि कॅमेरा विकणारा तो सहसा सांगत नाही. बाजारातील काही कॅमेरे रात्री रंगीत चित्र मिळावे म्हणून पांढरा दिवा लावतात. पांढऱ्या प्रकाशावर कीटक झेपावतात. पावसाळ्यात अशा दिव्याखाली पहाटे पंखांचा खच दिसतो. कॅमेऱ्यांचा दुसरा प्रकार अवरक्त किरणांचा आहे. हे किरण माणसाच्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत आणि बहुतेक कीटकांनाही दिसत नाहीत. चित्र कृष्णधवल येते, पण जीवहिंसा पुष्कळ टळते. चातुर्मासात तरी पांढरा दिवा बंद ठेवून अवरक्त प्रकाशावर काम भागवणे हीच जयणा.

तरीही कॅमेऱ्याच्या उबेला कोळी जाळे विणतो, आणि काचेजवळून जाणारा इवलासा पतंगही अवरक्त प्रकाशात मोठा शुभ्र गोळा दिसतो. सॉफ्टवेअर त्याला माणूस समजून हाका मारते. यावर कीटकनाशक फवारणे हा जैन मंदिराचा मार्ग नव्हे. अवरक्त दिवा कॅमेऱ्यातच न घेता काही फूट दूर बसवावा, म्हणजे काचेजवळ उडणारे कीटक उजळत नाहीत. दर आठवड्याला दिवसाउजेडी, जीव पाहून, मऊ कुंचल्याने जाळे हळुवार दूर करावे. शुद्ध चित्र आणि शुद्ध आचार यांत येथे विरोध नाही. एकच कृती दोन्ही साधते.

जेथे कॅमेरा नको

कॅमेरा कोठे बसवावा याइतकाच कोठे बसवू नये हा विचार महत्त्वाचा आहे. पूजेपूर्वी स्नान करण्याची आणि पूजेचे वस्त्र बदलण्याची जागा, धर्मशाळेच्या खोल्या, वसतिगृहातील निजण्याच्या खोल्या येथे कॅमेरा असता कामा नये. साधू-साध्वींच्या उपाश्रयात वा स्थानकात तर नाहीच. ज्यांनी विद्युत साधनांचा त्याग केला आहे त्यांच्यावर विजेचा डोळा रोखणे, हा त्यांच्या आचाराचा आणि एकांताचाही भंग आहे. तेथे प्रवेशद्वाराबाहेरचा एक कॅमेरा पुरे.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेतील राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांचे कॅमेऱ्यातील चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. रुग्णालयाच्या व्यवस्थेचा परवलीचा शब्द अत्यंत सोपा, यंत्रासोबत येतो तसाच ठेवलेला होता. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. त्याआधी २०१६ मध्ये 'मिराय' या नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील लक्षावधी कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच सोपे परवलीचे शब्द वापरून ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या साहाय्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. राखणदार म्हणून बसवलेला कॅमेरा स्वतःच फितूर होऊ शकतो, याचे हे उदाहरण.

म्हणून यंत्र बसवताच मूळ परवलीचा शब्द बदलावा. प्रत्येक व्यक्तीचे प्रवेशाधिकार वेगळे असावेत. कार्यकाल संपलेल्या पदाधिकाऱ्याचा आणि काम संपलेल्या तंत्रज्ञाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणीचे बंधन घातले आहे. खरेदी करताना त्या प्रमाणपत्राची विचारणा करावी. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याची वाट न पाहताही 'येथे कॅमेऱ्याद्वारे नोंद होते' असा फलक दारावर लावणे, नोंद किती दिवस जपली जाते ते सांगणे आणि दोन विश्वस्तांच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही चित्रण न दाखवणे, हे तीन नियम कोणत्याही संस्थेला आजच करता येतील. कोण किती वाजता दर्शनास आले, कोणी किती दान टाकले, हे कुतूहलाने पाहत बसणे म्हणजे संरक्षणाच्या साधनाचा दुरुपयोगच होय.

उपसंहार

चांदवडला या कामासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. १९२८ साली स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाचा परिसर वाढत वाढत आज तेथे अभियांत्रिकीचेही शिक्षण मिळते. मुक्त सॉफ्टवेअर समजून घेणारे, क्षेत्र आखणारे, घड्याळ पडताळणारे आणि हॅश मूल्य काढणारे विद्यार्थी गावातच घडत आहेत. ज्येष्ठांनी नियम ठरवावेत, तरुणांनी यंत्र सांभाळावे आणि दोघांनी मिळून वर्षातून दोनदा त्याची परीक्षा घ्यावी. असे झाले तर कॅमेऱ्यांची संख्या न वाढवताही सुरक्षा वाढेल.

पडद्यावरील चौकटी कितीही उजळलेल्या असल्या, तरी दरवाजा बंद झाला की नाही हे हाताने ओढून पाहणारा एक माणूस रोज रात्री असावाच लागतो. त्याची काळजी घेणे, त्याच्यावर खोटा आळ येऊ न देणे आणि त्याच्या हाकेला धावून जाणे, ही जबाबदारी समाजाची आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरवर ती सोपवता येत नाही.

जय जिनेंद्र!